कोरीव लाकडी फ्लोअर लॅम्प खरोखर किती जुना आहे, हे कसे ओळखावे?

तीन पायांची बैठक, पिळाचा खांब, त्यावर कोरलेली अकँथस या काटेरी वनस्पतीची पाने आणि माथ्यावर विजेचा होल्डर असलेला आपला दिवा विक्रेता म्हणतो तसा अठराव्या शतकातला असू शकेल का, असे आपण विचारले आहे. विजेचा दिवा म्हणून तो त्या काळचा असणे शक्यच नाही, कारण एडिसनचा बल्ब आला तोच १८७९ मध्ये. तेव्हा एक तर तो मेणबत्तीचा जुना स्टँड असून त्यात नंतर वायर घातली गेली असावी, नाही तर जुन्या शैलीत तो पुढे कधीतरी घडवला गेला असावा. मला दुसरी शक्यता अधिक वाटते.

या घडणीचे मूळ मात्र खरोखरच जुने आहे. सतराव्या शतकात फ्रान्स आणि इंग्लंडमधील श्रीमंतांच्या दालनांत शमादान ठेवण्यासाठी असे उंच, सडपातळ स्टँड जोडीने करवून घेतले जात आणि आरशाखालच्या मेजाच्या दोन्ही अंगांना मांडले जात, म्हणजे मेणबत्त्यांचा उजेड आरशातून परत दालनात पसरे. तीन पाय दिले जात ते केवळ शोभेसाठी नव्हे. जमीन उंचसखल असली तरी तिपाई डगमगत नाही. पिळाचे खांब इंग्लंडमध्ये १६६० नंतर लोकप्रिय झाले, अकँथसचे पान तर थेट ग्रीकांच्या करिंथियन स्तंभांवरून आलेले आहे, आणि इंग्लंडमधील फर्निचर घडवणारे थॉमस चिपेंडेल यांनी १७५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांच्या पुस्तकातही असे स्टँड आहेत. अडचण अशी की एकोणिसाव्या शतकात आणि पुन्हा १९२०-३० च्या दशकांत हेच नमुने मोठ्या प्रमाणावर बनवले गेले. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून वय ठरवणे मला धोक्याचे वाटते.

खरी साक्ष देते ते वायरीचे भोक. खांब मुळातच दिव्यासाठी केला असेल, तर ते बरोबर मध्यातून जाते. पुष्कळदा दोन अर्ध्या फळ्यांना आतून खाच पाडून, त्या एकमेकींना चिकटवून मगच खांब लेथवर कातलेला असतो, आणि टॉर्च तिरपा धरला की वरपासून खालपर्यंत जाणारा बारीक सांधा दिसतो. नंतर पाडलेले भोक सहसा किंचित कलते असते, त्याच्या कडेचे लाकूड भोवतालच्या काळवंडलेल्या लाकडापेक्षा फिके दिसते आणि कधी कधी ते कोरलेल्या पानालाच छेदून बाहेर पडते. याच्या जोडीला कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने) खांबाच्या कातीव गोल भागाचा व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजावा. लाकूड वाढवलयांच्या (खोडाच्या आडव्या छेदात दिसणाऱ्या कड्यांच्या) दिशेने जास्त आणि त्यांच्या आडव्या दिशेने कमी आकसते, त्यामुळे फार जुना गोल भाग किंचित लंबगोल झालेला असतो. बैठकीखाली चौफुलीच्या खाचेचे मूळ स्क्रू सापडले, तर ते काम १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचे नाही, असे खुशाल समजावे.

हे पाहून होईपर्यंत दिवा प्लगला लावू नये. कापडी वेष्टनाच्या वायरीतील रबर ठिसूळ होऊन आतली तार उघडी पडलेली असू शकते. जाणकार इलेक्ट्रिशियनकडून वायर बदलून घ्यावी, पण जुना होल्डर फेकू नये आणि लाकूड घासून नवे पॉलिश तर मुळीच करू नये, कारण वर सांगितलेल्या बहुतेक खुणा त्या जुन्या पृष्ठभागावरच असतात.