ग्रिडचा समतोल शिकताना आधी काय पाहावे
पुण्यात बसून आपण स्मार्ट ग्रिडचा, म्हणजे संगणक आणि संवेदकांच्या मदतीने चालणाऱ्या वीजजाळ्याचा, अभ्यास सुरू करत आहात, याचा आनंद वाटला. सुरुवातीला फक्त वारंवारतेकडे, म्हणजे वीजप्रवाह सेकंदाला किती आवर्तने करतो त्याकडे, लक्ष द्या: मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती ५० हर्ट्झखाली घसरते, पुरवठा जास्त झाला की वर चढते, आणि आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात राखायची असते. मग दिवसाच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ खंडांत मागणीचा आलेख स्वतः काढा; सूर्य मावळताना सौरऊर्जा थांबते आणि घरोघरचे दिवे लागतात, तिथे खरी कसोटी दिसेल.

नवखे दोन चुका हमखास करतात (मीही केल्या): किलोवॉट (वीज वापराचा वेग) आणि किलोवॉट-तास (वापरलेली एकूण वीज) यांची गल्लत, आणि प्रत्येक प्रश्नाला बॅटरी हेच उत्तर. पण कोयनेसारखे जलविद्युत संचही काही मिनिटांत भार उचलतात. अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपे तूर्त बाजूला ठेवा.