विषाणूच्या पाठीवरून जनुक

प्रश्न : पुतणीला (वय १४) टाइप १ मधुमेह आहे. विषाणूमार्फत जनुक घातलेल्या पेशी बसवतात म्हणे. विषाणू अंगात सोडणं धोक्याचं नाही का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : विषाणू अंगात सोडत नाहीत. दात्याच्या स्वादुपिंडातल्या पेशींना तो प्रयोगशाळेतच देतात, मग पेशी धुऊन घेतात. त्याची पैदास करणारी जनुकं आधीच काढलेली असतात.

खरी अडचण निराळीच. या पेशी हजार-दोन हजारांच्या पुंजक्यात असतात, राजगिऱ्याच्या लाडवासारख्या घट्ट. विषाणू बाहेरच्या थरातच अडकतो. म्हणून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या प्रयोगात पुंजके आधी सुटे केले. पेशींची ओळख सांगणारी एचएलए प्रथिनं जनुकं कापून घालवली, लेंटिव्हायरस या वाहक विषाणूने सीडी४७चं (प्रतिकारशक्तीच्या पेशींना ‘मला खाऊ नका’ असं सांगणाऱ्या प्रथिनाचं) जनुक घातलं, पुन्हा पुंजके जुळवले आणि हाताच्या स्नायूत टोचले. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध न देता १२ आठवडे पेशी इन्सुलिन बनवत राहिल्या! मात्र रुग्ण एकच, पेशीही थोड्या. त्याची इन्सुलिनची इंजेक्शनं सुटली नाहीत.

लेंटिव्हायरस जनुक गुणसूत्रातच बसवतो, म्हणून ते टिकतं. पण चुकीच्या जागी बसलं तर कर्करोगाची भीती. एडिनोव्हायरस या दुसऱ्या वाहक विषाणूने नेलेलं जनुक तसं बसत नाही, परिणाम ओसरतो.

कुणी आत्ताच हा उपचार विकत देऊ केला तर पैसे भरू नका. पुतणीचं इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका.