उभ्या पायाची टाच

चि. बाळा,
आशीर्वाद.

तू पाठवलेला गच्चीवरचा तायक्वांदोच्या किकचा व्हिडिओ तीन-चार वेळा पाहिला. पाय खांद्यापर्यंत जातोय म्हणून खूश आहेस, असू दे. आता एक कर. पाय सगळ्यात वर आहे तिथे व्हिडिओ थांबव आणि तो वरचा पाय बोटाने झाक. उरलेल्या पायाकडे बघ. बोटं अजून समोर, गुडघा आत पिळलेला, टाच जमिनीला चिकटलेली. किक उजव्या पायाची, चूक मात्र डाव्याची. उंची का अडते, जांघ का धरते, किकनंतर तोल का जातो, हे जे तीन प्रश्न विचारलेस त्यांचं उत्तर तिथेच आहे.

शाळेत शिकलीस तेच आठव. गुडघा बिजागरीचा सांधा, खुबा उखळीचा. बिजागरीला पीळ सोसत नाही. वरचं अंग गोल फिरलं आणि खाली पाऊल रुतून राहिलं, तर तो सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. तायक्वांदोत कायमचे अधू झालेले गुडघे बऱ्याचदा मार खाऊन नाही, असे पिळून जातात. उलट टाच फिरली की मांडीचं हाड उखळीत बाहेरच्या बाजूला वळतं, कंबर कलंडायला जागा मिळते आणि पाय आपोआप वीतभर वर जातो. तू रोज अर्धा तास ताण देऊन जी उंची शोधतेस, ती टाचेखाली आहे.

दोल्यो छागी, म्हणजे तुमच्या वर्गातली ‘राउंड किक’, मोजून चार आकड्यांत कर. मोजणी कोरियनच ठेव, म्हणजे वर्गातही तीच लय राहील. हाना : मागच्या पायाचा गुडघा सरळ समोर वर, टाच कुल्ल्याला टेकेल इतकी दुमडलेली. इथपर्यंत ही आप छागी, म्हणजे समोरची किक, वाटली पाहिजे. समोरच्याला फरक कळता कामा नये. दुल : उभ्या पायाच्या चवड्यावर फिर, टाच समोरच्याकडे, खुबा पालथा. सेत : नडगी झटक्यात बाहेर, बोटं ताणलेली, लागते ती पावलाची वरची बाजू. नेत : नडगी आली त्याच वाटेने परत, मगच पाय खाली. हा चौथा आकडा सगळे गिळतात. किक मारून पाय तसाच धपकन टाकला की पाठ समोरच्याकडे होते आणि तो फुकटचे गुण घेऊन जातो.

जमिनीवर खडूने भिंतीपर्यंत सरळ रेघ मार. सुरुवातीला उभ्या पायाची बोटं रेघेवरून भिंतीकडे. दुलला टाच भिंतीकडे. टाच आडवी राहिली तर अर्धंच काम झालं. खिडकीचा गज धरून, प्रत्येक पायाने १० वेळा, असे ३ फेरे, आधी डावा पाय. दोन आठवडे हेच. पॅडवर एकही किक नको. पॅडचा आवाज आला की माणूस पाय बघायचा सोडून आवाजच ऐकत बसतो.

आणि ही तालीम गच्चीवर नको. सिमेंटच्या खरखरीत कोब्यावर उघडा चवडा फिरत नाही, फिरला तर साल निघते. बूट घातले तर तळ धरून ठेवतो. घरातली कोरडी शहाबादी फरशी उत्तम.

बाकीच्या किकांचं थोडक्यात. आप छागीत बोटं मागे खेचून चवड्याने मारायचं. बोटं पुढे राहिली तर समोरच्याच्या कोपरावर आदळून सुजतात. योप छागी बाजूला जाते, तिथे टाच आणि पावलाची बाहेरची कड. खांदा, खुबा, टाच एका रेषेत. द्वी छागी मागे मारायची, दोन्ही गुडघे एकमेकांना घासून गेले पाहिजेत, नाहीतर पाय गोल फिरतो आणि नेम चुकतो. गिरकीच्या किका सध्या राहू दे. मला ठाऊक आहे तुला त्याच हव्यात, कारण स्पर्धेत अंगावरच्या साध्या किकला २ गुण, डोक्यावरच्या किकला ३, आणि गिरकी घेतली की तेच ४ आणि ५ होतात. पण टाच न फिरणाऱ्याने गिरकी घ्यायची म्हणजे गुडघ्यातला पीळ दुप्पट करायचा.

घरी आजोबांची तालीम आहे, त्याचा फायदा आहे आणि तोटाही. बैठकांनी मांडी भरते, ती उभ्या पायाला लागतेच. पण पैलवान रुंद, खाली बसून, जमीन धरून उभा राहतो. आपल्याकडे पाय जवळ, टाच किंचित हलकी, वजन दोन्ही चवड्यांवर. बैठका मारायच्या तर वर्गानंतर मार, आधी नको, दमलेला पाय फिरत नाही. ‘पाय उचलून मारणं हा काय खेळ?’ असं आजोबा म्हणणारच. ज्या सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणलं, त्या जिल्ह्यातल्या तालमीच्या माणसाला तो हक्क आहे. हाही खेळ २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा आहे, एवढं सांग आणि गप्प बस.

ताण देण्याचं बघ. वर्गाआधी ५ मिनिटं दोरीच्या उड्या, मग पाय झुलवणं, आधी गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत. धरून ठेवायचे ताण वर्गानंतर, अंग गरम असताना, ३० सेकंद, दोन-तीनदा. स्प्लिटमध्ये बसल्यावर कोणी मांडीवर उभं राहून दाबायला आलं, मग ते सर का असेनात, सरळ नाही म्हण. ही पद्धत अजून चालते आणि मला तिचा राग आहे. कुल्ल्याच्या हाडाशी मांडीची मागची शीर दुखावली की महिनोन्‌महिने बसताना टोचते.

दोन क्लासपैकी कुठला, हे विचारलंस. घराजवळचे वर्षभरात ब्लॅक बेल्टची हमी देतात म्हणून ते नकोत. पट्टा आपल्या गतीने यावा. तिथे जाऊन एवढंच विचार : डॅनचं, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पायरीचं, प्रमाणपत्र कुक्कीवॉनकडे, म्हणजे तायक्वांदोच्या सोलमधल्या मुख्य संस्थेकडे, नोंदवलेलं मिळतं का? त्यांच्याच नियमात पहिल्या डॅनवरून दुसऱ्याला जायला किमान १ वर्ष लागतं, मग पांढऱ्यावरून काळ्याची घाई कसली? मग एक तास कोपऱ्यात बसून बघ. सर मुलांच्या वरच्या पायाकडे बघतात की खालच्या? ते बघून ठरव.

खर्च आत्ता डोबोक (तायक्वांदोचा पोशाख), नडगीचं गार्ड आणि दातांचं गार्ड, इतकाच. छातीचं गार्ड आणि हेल्मेट क्लासमध्ये असतं. किकचे गुण नोंदवणारे सेन्सरचे मोजे स्पर्धेला उतरशील तेव्हा. पावसाळ्यात साताऱ्यात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून जमलं तर डोबोक दोन घे. ओल्या मॅटवर अनवाणी खेळून बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, आणि चिखल्या झालेला चवडा फिरवताना डोळ्यांत पाणी येतं. पाय धुऊन बेचकी पुसूनच चप्पल घाल. नखं दर आठवड्याला.

अजिंक्यतारा सकाळी चढतेस, दमासाठी छान. उतरताना मात्र पळू नकोस, आणि क्लासच्या दिवशी किल्ला नको.

पंधरा दिवसांनी दुसरा व्हिडिओ पाठव. मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर, बाजूने. चेहरा नाही आला तरी चालेल, दोन्ही पावलं दिसली पाहिजेत.