वाचक विचारतात : आईवडिलांशी कसे वागता?

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञ, धर्म आणि राज्यकर्ते सगळेच सद्गुणाबद्दल बोलतात. ते एकाच गोष्टीबद्दल बोलतात का? आणि माणूस सद्गुणी नसेल, तर राज्य त्याला तसा करू शकतं का?

उत्तर : एकाच गोष्टीबद्दल नाही. सद्गुणासाठीचा ग्रीकांचा ‘अरेते’ (उत्तमपणा) हा शब्द घोड्यालाही लागायचा. चांगलं धावणं, स्वाराला नीट वाहून नेणं ही घोड्याची अरेते. रोमनांचा ‘विर्तूस’ आला ‘विर’वरून, म्हणजे पुरुष. आपला ‘वीर’ त्याचाच भाऊबंद. प्लेटोने शहाणपण, धैर्य, संयम आणि न्याय हे चार मोजले. ख्रिस्ती परंपरेने त्यांत श्रद्धा, आशा आणि प्रेम यांची भर घातली, आणि हे तीन सरावाने येत नाहीत, ईश्वरकृपेने येतात, असं तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने मांडलं.

आपण मात्र सद्गुणी म्हटलं की सोशिक, कुणाला न दुखावणारा माणूस डोळ्यांपुढे आणतो. अरेतेतलं कसब त्यात हरवतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, वाद्य वाजवून माणूस वादक होतो, तसाच न्यायाने वागत वागत न्यायी होतो. मी तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, “आतून घाबरलेली असताना धीट असल्यासारखी वागले, तर ते ढोंग नाही का?” मी म्हणालो, नाही, तो रियाज आहे. आजही हेच सांगेन.

आता राज्याचं. प्राचीन अथेन्समध्ये आर्खोन, म्हणजे नगरराज्याचा वरिष्ठ अधिकारी, या पदावर बसण्याआधी माणसाची उलटतपासणी व्हायची. ‘तू सद्गुणी आहेस का?’ असं कुणी विचारत नसे. वडील कोण, घराण्याच्या कबरी कुठे आहेत, आईवडिलांशी नीट वागतोस का, कर भरतोस का, लष्करी सेवा केलीस का, हे विचारत. वर साक्षीदार आणायला लावत आणि याच्यावर कुणाला आरोप करायचा आहे का, असंही पुकारत. मग एका दगडावर उभं राहून शपथ : पदाच्या जोरावर भेट घेणार नाही, घेतलीच तर सोन्याचा पुतळा उभारून देईन. मला ही पद्धत फार आवडते. मनात कुणाला डोकावता येत नाही, पण म्हाताऱ्या आईला कसं वागवतो हे शेजाऱ्याला ठाऊक असतं.

मात्र पदावर बसणाऱ्याला पारखणं वेगळं आणि सगळ्या प्रजेला सद्गुणी करणं वेगळं. हे दुसरं अशोकाने करून पाहिलं. धम्म, म्हणजे सदाचार, वाढावा म्हणून त्याने धम्ममहामात्र नावाचे खास अधिकारी नेमले, प्राणिहत्येवर बंधनं घातली. पुढे सातव्या स्तंभलेखात तो स्वतःच सांगतो की धम्म दोन मार्गांनी वाढला, नियमांनी आणि मन वळवण्याने, आणि त्यांत नियमांचा वाटा थोडा, मन वळवण्याचा मोठा. एवढ्या मोठ्या सम्राटाने हे दगडावर कोरून ठेवावं, याचं मोल मला फार वाटतं. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : हुकमाने फारसं नाही, राज्यकर्त्याच्या वागण्याने थोडंफार. सहाव्या शिलालेखात अशोक स्वतःला काय बांधून घेतो पाहा : मी जेवत असेन, अंतःपुरात असेन, बागेत असेन, तरी लोकांचं काम माझ्यापर्यंत त्याच क्षणी आणा.