रियल-टाइम सिस्टिममध्ये चार प्रोसेसर आहेत. दर तासाला मास्टरवरून (मुख्य घड्याळावरून) सगळ्यांची वेळ सेट केली तर पुरेल का?

नाही पुरणार. भोसरीत आमच्या टेस्ट रिगवर नेमकं हेच केलं होतं, मी नको म्हणत असताना केलं होतं, म्हणून लिहितोय.

चार बोर्ड, प्रत्येकाचा क्रिस्टल (घड्याळाला ठोके देणारा स्फटिक) वेगळा, डेटाशीटवर ±२० पीपीएम (दहा लाख सेकंदांत २० सेकंद इकडेतिकडे). म्हणजे तासाला ७२ मिलिसेकंदांपर्यंत चूक. दोन बोर्ड उलट दिशांना सरकले तर त्यांच्यात १४४. आणि आमचा कंट्रोल लूप (सेन्सर वाचून व्हॉल्व्ह हलवायची फेरी) १० मिलिसेकंदांचा! त्यात एक बोर्ड पॉवर सप्लायला चिकटून. मे महिन्यात त्या पॅनेलला हात लागला की चटका बसायचा, आणि क्रिस्टल तापला की त्याची चाल बदलते. साहेबांचं एकच, "तासाला वेळ टाकतोय ना, मग झालं."

एका दुपारी वेळ टाकताना व्हॉल्व्हच्या बोर्डाचं घड्याळ ६० मिलिसेकंद मागे गेलं. लूप आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा करायचा; उत्तर उणे आलं. व्हॉल्व्ह सताड उघडला, जॉब (चाचणीला लावलेला भाग) तडकला. घड्याळं जुळत नव्हती, त्यामुळे लॉगमध्ये तडा आधी, दाब नंतर. तीन दिवस सगळे सेन्सरची वायरिंग तपासत बसले, कारण वायरिंग मी केली होती. ती बरोबर निघाली, पण तसं कुणी बोलून दाखवलं नाही.

चालतं घड्याळ मागे ओढायचंच नाही. पुढे गेलं असेल तर त्याची चाल मंद करा. लिनक्स सेकंदाला अर्धा मिलिसेकंद भरून काढतो, म्हणजे ते ६० मिलिसेकंद दोन मिनिटांत गुपचूप जिरले असते. हे मी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडलं होतं. लूप मोनोटॉनिक, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या, घड्याळावरच चालवा, तारीख-वेळ फक्त लॉगसाठी.

बोर्ड नेटवर्कवर असतील तर पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत) घ्या, टाइमस्टॅम्प (निरोपावरचा वेळेचा शिक्का) हार्डवेअरमध्येच पडू द्या. त्यात मास्टर साधारण दर सेकंदाला वेळ पाठवतो, तासाला नाही. स्विचही पीटीपी जाणणारा हवा. निरोप जायला १०० आणि यायला ३०० मायक्रोसेकंद लागले, तर जायचा-यायचा वेळ सारखाच धरला जात असल्यानं घड्याळ १०० मायक्रोसेकंदांनी चुकीचंच जुळतं, आणि आतून ते कळतही नाही.

हो, एक राहिलं. तुमचे चारही प्रोसेसर एकाच बोर्डावर, एकाच ऑसिलेटरवर (एकाच क्रिस्टलच्या ठोक्यांवर) असतील तर ते एकमेकांपासून सरकणारच नाहीत. सुरुवातीचा फरक एकदा काढला की झालं. तेव्हा आधी सर्किट उघडून तेवढं बघा.