फोटोग्राफी घरून शिकायची आहे? तुझे फोटो कोण पाहणार, ते आधी विचार

प्रिय विद्यार्थिनी,

पदवीचं दुसरं वर्ष चालू आहे, आतापर्यंतचे सगळे फोटो फोनवर काढलेले आहेत आणि आता फोटोग्राफीचा दूरशिक्षण अभ्यासक्रम करावा असं तुझ्या मनात आहे. पदवी सोडून पूर्णवेळ संस्थेत जायला घरून परवानगी नाही. समोर शिक्षक नसताना ही कला येते का, कॅमेरा कोणता घ्यावा आणि शेवटी हाती येणाऱ्या प्रमाणपत्रावर काम मिळतं का, असे तीन प्रश्न तू विचारले आहेस.

घरून शिकता येतं. त्याला अट एकच, पण ती कडक आहे: तू काढलेला फोटो जाणकार माणसाने नेमाने पाहिला पाहिजे आणि तो कुठे आणि का बिघडला हे तुला सांगितलं पाहिजे. १८३९ मध्ये फोटोग्राफीचा शोध जगापुढे जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी, १८४० मध्ये, इंग्लंडमधील शिक्षक आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून धाडत आणि तो दुरुस्त होऊन परत येई. दूरशिक्षणाचा जीव तेव्हापासून या परत येणाऱ्या कागदात आहे. फोटोग्राफीचे धडे, व्हिडिओ, आकृत्या आज फुकटसुद्धा मिळतात. फी भरायची ती तुझ्या चुका दाखवणाऱ्या नजरेसाठी.

म्हणून माहितीपत्रकात किती तासांचे व्हिडिओ आहेत ते मोजत बसू नकोस. संस्थेला लेखी विचार: एकूण स्वाध्याय किती, ते कोण तपासतं, उत्तर किती दिवसांत येतं, एकच शिक्षक शेवटपर्यंत असतो की दरवेळी नवा, सूचनांनुसार पुन्हा काढलेला फोटो परत पाहिला जातो का, परीक्षेमुळे दोन महिने खंड पडला तर मुदत वाढते का, फी परत मिळण्याचे नियम काय, आणि विद्यार्थ्यांचे फोटो संस्था स्वतःच्या जाहिरातीत वापरते का. यातला पुन्हा काढलेल्या फोटोचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण शिकणं तिथेच घडतं. एखाद्या तपासलेल्या स्वाध्यायाचा नमुनाही माग. ‘छान प्रयत्न, रचनेकडे लक्ष द्या’ एवढंच त्यात असेल तर तिथे जाऊ नकोस. चांगला अभिप्राय साधारण असा असतो: ‘फोकस डोळ्यांऐवजी कानावर गेला आहे. ५० मिमी लेन्स, एफ/१.८ आणि एक मीटर अंतर असताना जेमतेम तीन सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे डोळे धूसर झाले. फोकस पॉइंट एकच ठेवून तो जवळच्या डोळ्यावर आण आणि हाच फोटो एफ/४ ला पुन्हा काढ.’ (एफ/१.८ सारखा आकडा लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, किती उघडं आहे ते सांगतो; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि स्पष्ट खोली कमी.) यात चूक आहे, कारण आहे आणि पुढचं पाऊलही आहे.

आता कॅमेरा. पहिला महिना फोनवर काढलास तरी बिघडत नाही. प्रकाशाची दिशा, चौकटीत काय घ्यायचं आणि काय वगळायचं हे फोनवर उत्तम शिकता येतं. मात्र बहुतेक फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बदलत नाही आणि पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी सॉफ्टवेअरने केलेली असते. शिवाय एक्सपोजरची, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा याची, चूक फोन परस्पर सावरून घेतो, म्हणजे तुला ती कळतच नाही. त्यामुळे दुसऱ्या महिन्यापासून सेटिंग हाताने ठरवायचा मॅन्युअल मोड असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा हवा. तो आरसा नसलेला मिररलेस असो वा आत आरसा असलेला डीएसएलआर, सुरुवातीला फारसा फरक पडत नाही. सोबत मिळणारी १८-५५ मिमी लेन्स (मिमीचा आकडा मोठा तेवढं दृश्य जवळ दिसतं) पहिल्या सहा महिन्यांना पुरते. वर उरलेल्या पैशांत न डुगडुगणारा ट्रायपॉड, एक जास्तीची बॅटरी, दोन मेमरी कार्डं आणि एक बाहेरची हार्ड डिस्क घे. महागडी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेऊन ट्रायपॉडवर काटकसर करण्यापेक्षा उलट केलेलं बरं.

कॅमेरा वापरलेला घेणार असशील तर एफ/१६ लावून, फोकस मुद्दाम घालवून, मोकळ्या आकाशाचा फोटो काढ आणि तो मोठा करून बघ. काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागावर, धूळ आहे, ती साफ करून घेता येते. लेन्समध्ये एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, ती लेन्स घेऊ नकोस. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, आजवर किती वेळा उघडलं, तो आकडाही विचार.

अभ्यासाचा वेळ कसा लावायचा हे संस्था सांगेलच, पण तिथेच बहुतेकांची गाडी अडते. धडे पाहणं सोपं असतं आणि पाहिल्यावर आपल्याला समजलं असं वाटतं. प्रत्यक्षात हात कोरेच राहतात. आठवड्याला सहा तास मिळत असतील तर दीड तास धड्याला, तीन तास फोटो काढायला, एक तास निवडायला आणि अर्धा तास लिहायला ठेव. ते तीन तासही दोन वेगवेगळ्या दिवशी घे, म्हणजे पहिल्या दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. तिसऱ्या-चौथ्या स्वाध्यायाला मागे पडणारे बरेच असतात, कारण तोवर नवेपणा ओसरलेला असतो आणि स्वाध्याय अवघड झालेले असतात. त्या टप्प्यावर सुंदर फोटोची वाट पाहत थांबू नकोस. फसलेला फोटो पाठव, पण वेळेवर पाठव.

फोटो काढताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम पहिले तीन महिने मोडू नकोस. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाची नोंद किती वाढवतो तो आकडा) तिन्ही एकदम हलवले तर कशामुळे काय झालं ते शिक्षकालाही सांगता येत नाही. आकडे पाठ हवेत. अ‍ॅपर्चर एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६: प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा. शटर १/६०, १/१२५, १/२५० सेकंद: तिथेही निम्मा. आयएसओ १००, २००, ४००: इथे उजेडाची नोंद दुप्पट. म्हणजे एफ/४ वरून एफ/५.६ वर गेलीस की शटर १/२५० वरून १/१२५ करायचं, उजेड तेवढाच राहतो. हे हिशेब बोटांवर आले की कॅमेऱ्याची भीती जाते.

कोणत्याही अभ्यासक्रमात नसले तरी करावेत असे तीन सराव आहेत. पांढरं अंडं पांढऱ्या कागदावर ठेव, शेजारी खिडकी, घरातले दिवे बंद. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तू ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉडवर. चौकट अंड्याने आणि कागदाने भरून टाक. पहिला फोटो करडा येईल. कॅमेरा बिघडलेला नाही. समोर जे आहे ते मध्यम करड्या छटेचं आहे असं धरूनच त्याचा प्रकाशमापक मीटर मोजतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) +१ करून एक आणि +२ करून एक फोटो काढ आणि तिन्हींचे हिस्टोग्राम (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असे उजेडाचे आलेख) शेजारी ठेवून पाहा. पांढरं पांढरं दिसावं पण आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला आपटू नये, तेवढं नेमकं किती ते तुला तिथे दिसेल. मग अंडं तिथेच ठेवून तू फिर: खिडकी पाठीशी, खिडकी डाव्या हाताला, खिडकी समोर. पाठीशी असताना अंडं चपटं दिसतं, बाजूला असताना गोलाई येते. सावलीच्या बाजूला वीस सेंटिमीटरवर पांढरा पुठ्ठा धर, मग काळा. शेवटी अंडं खिडकीपासून दूर दूर ने: उजेड कमी होतो आणि सावलीची कडा अधिक तीक्ष्ण होते, कारण अंड्याच्या जागेवरून खिडकी लहान झालेली असते. माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश असाच पडतो. अंडं कंटाळत नाही, म्हणून आधी अंडं.

दुसरा सराव खोलीचा, म्हणजे पुढून मागे किती भाग स्पष्ट येतो त्याचा. तीन बाटल्या एकामागे एक, तिरप्या रांगेत, मध्ये पंधरा सेंटिमीटर अंतर. दीड मीटरवरून लेन्स ५५ मिमीवर, फोकस मधल्या बाटलीच्या लेबलवर. एफ/५.६, ८, ११, १६ असे चार फोटो. पहिल्यात पुढची आणि मागची अक्षरं विरघळलेली असतील, शेवटच्यात तिन्ही वाचता येतील. मग पाऊण मीटरवर जाऊन तेच पुन्हा कर. एफ/१६ लाही तिन्ही लेबलं नीट वाचता येणार नाहीत. अंतर निम्मं झालं की स्पष्ट खोली साधारण चौथ्या हिश्श्यावर येते, हे तेव्हा डोळ्यांना पटतं.

तिसरा सराव हाताच्या कंपाचा. तीच ५५ मिमी लेन्स, ट्रायपॉड बाजूला, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (कंप सावरणारी सोय) बंद. १/१२५, १/६०, १/३० आणि १/१५ ला प्रत्येकी दहा फोटो काढ, संगणकावर शंभर टक्के मोठे करून स्पष्ट किती ते मोज. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५५ मिमीला साधारण १/८० हे सुरक्षित मानतात, पण तुझ्या हाताचा आकडा तुझाच असतो. तो वहीत लिहून ठेव. संध्याकाळी घरात फोटो हलतात तेव्हा बहुतेकांना लेन्स खराब वाटते, खरं तर शटर १/२० वर घसरलेलं असतं आणि आयएसओ वाढवायची भीती वाटत असते. दाणेदार पण स्पष्ट फोटो वापरता येतो, हललेला नाही.

फाइल रॉ (सेन्सरची कच्ची नोंद) आणि जेपेग (कॅमेऱ्याने तयार केलेलं चित्र) अशा दोन्ही स्वरूपांत साठव. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४; सावली उघडताना हा फरक कळतो. पण पूर्ण पांढरा पडलेला भाग रॉमध्येही परत येत नाही. पहिले दोन महिने संपादन म्हणजे क्षितिज सरळ करणं, कापणं, उजेड आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल), एवढंच. तयार फिल्टर लावून पाठवलेल्या फोटोवर शिक्षक फिल्टरबद्दल बोलतो, तुझी चूक तशीच झाकलेली राहते. स्क्रीनचा उजेडही कमी करून ठेव. स्क्रीन फार उजळ असली की फोटो नकळत गडद केला जातो आणि छापल्यावर काळवंडतो.

स्वाध्याय पाठवताना निवडलेल्या तीन फोटोंबरोबर त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंची लहान चित्रांची एक पट्टीही जोड. तू काय काय करून पाहिलंस, कुठे थांबलीस, चांगला फोटो हाती येऊनही वगळलास का, हे त्यावरून शिक्षकाला दिसतं. फाइल एसआरजीबी या स्क्रीनवर सर्रास चालणाऱ्या रंगपद्धतीत, लांब बाजू २,००० पिक्सेलच्या आसपास, आणि सेटिंगची माहिती पुसू नकोस. खाली दोन ओळी: मला काय दाखवायचं होतं, कुठे अडलं. ‘कसा वाटला?’ असं विचारलंस तर उत्तरही तसंच मोघम येईल. ‘चेहऱ्याची डावी बाजू काळी पडली, पुठ्ठा धरूनही उजळली नाही, का?’ असं विचार.

तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं कठोर आहे. फोटोग्राफीत काम देणारा माणूस आधी फोटो बघतो. अध्यापनाच्या किंवा सरकारी पदासाठी जाहिरातीत मान्यताप्राप्त पदविका किंवा पदवी मागितली असेल तर मात्र प्रमाणपत्र कोणाच्या मान्यतेचं आहे हे निर्णायक ठरतं. तसा विचार असेल तर मान्यता फी भरण्याआधी तपास. बाकी ठिकाणी बारा ते पंधरा फोटोंचा संग्रह बोलतो, आणि तोही एका प्रकारच्या कामाचा. पाच फुलं, चार सूर्यास्त आणि तीन चेहरे यातून कोणालाच काही कळत नाही. घरून शिकणाऱ्याला वस्तूंची फोटोग्राफी सर्वांत जवळची: टेबल, खिडकी, दोन पुठ्ठे आणि ट्रायपॉड एवढ्यात वर्षभर सराव होतो आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना असे फोटो सतत लागतात. फोटो सुधारण्याचं, रिटचिंगचं कामही घरून करता येतं.

समारंभ, फॅशन आणि स्टुडिओतल्या कामाची गोष्ट निराळी आहे. अनोळखी माणसाला सहज उभं करणं, दहा मिनिटांत तीन दिवे लावणं, निसटून जाणारा क्षण पकडणं हे दूरशिक्षण देऊ शकत नाही. त्यासाठी अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात, सुट्टीत, एखाद्या व्यावसायिकाबरोबर आठ-दहा दिवस मदतनीस म्हणून उभी राहा. सामान उचलावं लागेल, दिवे धरावे लागतील. दिवा धरताना तो कुठे आणि का धरायला सांगितला ते लक्षात ठेव. त्या कामात काढलेले फोटो संग्रहात वापरायचे असतील तर त्या व्यावसायिकाची आणि फोटोतल्या माणसांची परवानगी आधी घे.

पदवी सोडू नकोस. आठवड्याचे सहा तास पदवीबरोबर जमतात, आणि पहिल्या वर्षी फोटोंवर पोट भरायची सक्ती नसेल तर न जमणाऱ्या गोष्टी शांतपणे पुन्हा करून पाहता येतात.

फी भरण्याआधी या आठवड्यात कोणाचा तरी कॅमेरा दोन दिवस मागून घे आणि अंड्याचा सराव कर. त्यातले तीन फोटो, सेटिंगसह आणि एका नेमक्या प्रश्नासह, तू निवडलेल्या दोन-तीन संस्थांना पाठव आणि असा स्वाध्याय आल्यास तुमचे शिक्षक काय लिहितील, ते विचार. जिथून तुझ्या फोटोबद्दल चार नेमक्या ओळी येतील, तिथल्या नियमांची प्रत मागवून घरच्यांबरोबर बसून वाच.