युरोपियन कायदा देशाच्या फौजदारी कायद्यात नेमका कुठून शिरतो?

तुम्ही विचारलंय की गुन्हा कशाला म्हणायचं आणि शिक्षा किती द्यायची हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो, मग त्यात युरोपियन कायद्याचा संबंध कुठे येतो? आणि एखाद्या देशाने ऐकलं नाही तर?

मी जर्मनीत पोलीस आणि कोर्टासाठी हिंदी-मराठी दुभाषी म्हणून काम करते. दंडसंहितेत शोधलंत तर युरोप फारसा सापडणार नाही. युरोपियन युनियनच्या लिस्बन करारानंतर, म्हणजे २००९ पासून, युनियनच्या कार्यपद्धतीच्या करारातल्या कलम ८३ नुसार दहशतवाद, माणसांची तस्करी, मनी लाँडरिंग अशा ठरावीक क्षेत्रांत युनियनला किमान नियम घालता येतात. उदाहरणार्थ, तस्करीवरचा २०११चा निर्देश (म्हणजे देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युनियनचा नियम) सांगतो की कमाल शिक्षा निदान ५ वर्षांची हवी. म्हणजे कायद्यातली वरची मर्यादा त्याखाली ठेवता येत नाही. समोरच्या आरोपीला किती द्यायची ते न्यायाधीशच ठरवतो.

खरा प्रभाव आहे तो सरकार माणसाला ताब्यात घेतं तेव्हा त्याच्याशी कसं वागतं यावर. २०१० आणि २०१२च्या निर्देशांमुळे आरोपीला त्याला समजणाऱ्या भाषेत दुभाषी मिळतो, निकाल काहीही लागो, खर्च सरकारचा. आणि अटकेनंतर हक्कांचं लेखी पत्रक हातात पडतं. त्या भाषेतलं पत्रक हाताशी नसेल तर आधी तोंडी सांगायचं आणि लेखी प्रत विनाविलंब द्यायची. आपली माणसं घाबरली की प्रत्येक वाक्याला ‘हो हो, समजलं’ म्हणतात. म्हणून २०१०च्या निर्देशातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते: आरोपीला भाषा खरंच कळते का, हे तपासून पाहण्याची व्यवस्था देशाने ठेवायची. त्याच्या नुसत्या मान हलवण्यावर विसंबून चालत नाही. जर्मनीने यासाठी २०१३ मध्ये स्वतःचे कायदे बदलले.

इथे दोन न्यायालयांची गल्लत होऊ देऊ नका. लक्झेंबर्गचं न्यायालय युरोपियन युनियनचं. स्ट्रासबर्गचं मानवाधिकार न्यायालय वेगळ्या संघटनेचं, त्यात तुर्कस्तान आणि ब्रिटनही येतात. या दुसऱ्या न्यायालयाची ताकद पाहायची तर स्कॉटलंडकडे बघा. तिथे पोलीस संशयिताला वकिलाशिवाय सहा तास ठेवून जबाब घेऊ शकत. २००८ मध्ये स्ट्रासबर्गने तुर्कस्तानातल्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या खटल्यात (साल्दुझ) म्हटलं की पोलिसांच्या पहिल्या चौकशीपासूनच वकील मिळायला हवा. आमच्याकडे इतर संरक्षणं पुरेशी आहेत, असं स्कॉटिश न्यायाधीश म्हणत राहिले. २६ ऑक्टोबर २०१० रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅडर खटल्यात ते अमान्य केलं, आणि दुसऱ्याच दिवशी स्कॉटिश संसदेने तातडीचं विधेयक मंजूर केलं. पुढे ८६७ खटले सोडून द्यावे लागले. पीडितांच्या बाजूने पाहिलं तर ही किंमत जबर होती, पण एकट्या माणसाकडून बंद खोलीत घेतलेल्या कबुलीवर शिक्षा उभी करणं मला त्याहून वाईट वाटतं.

तिसरी जागा तुरुंगाची. २००४ पासून युरोपियन अटक वॉरंट लागू आहे. ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत ‘हा आमच्याकडे गुन्हा आहे का’ हे न तपासता आरोपी दुसऱ्या सदस्य देशाच्या हवाली करायचा, एवढा परस्परांवर विश्वास. मग ब्रेमेनच्या न्यायालयापुढे हंगेरी आणि रुमानियाची वॉरंटं आली आणि तिथल्या खचाखच भरलेल्या तुरुंगांचा प्रश्न निघाला. ५ एप्रिल २०१६ला लक्झेंबर्गने सांगितलं: आधी तुरुंगांची एकूण अवस्था पाहा, मग याच माणसाला अमानुष वागणुकीचा खरा धोका आहे का ते वॉरंट काढणाऱ्या देशाला विचारा. धोका असेल तर हस्तांतर थांबवा. तो वाजवी मुदतीत दूर झाला नाही तर ते गुंडाळायचं की नाही ठरवा. विजय मल्ल्यांच्या प्रकरणात २०१८ मध्ये लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२चा व्हिडिओ मागवला होता, त्यामागेही स्ट्रासबर्गच्याच मानवाधिकार कराराचं कलम ३ होतं.

आता देश ऐकत नसेल तर? मुदतीत निर्देश लागू केला नाही तर युरोपियन आयोग, म्हणजे युनियनचं कार्यकारी मंडळ, त्याला लक्झेंबर्गला खेचतो, आर्थिक दंडही होतो. पण देशांची न्यायालयंही प्रतिकार करतात. इटलीत खटल्याची मुदत संपून व्हॅट चोरीचे आरोपी सुटायचे. अशी मोठी प्रकरणं बऱ्याच संख्येने सुटत असतील तर मुदतीचे नियम बाजूला ठेवा, असं लक्झेंबर्गने २०१५ मध्ये सांगितलं. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने उलट विचारलं: मुदत हा आमच्याकडे शिक्षेच्या कायद्याचाच भाग आहे, तो मागाहून आरोपीविरुद्ध कसा बदलायचा? डिसेंबर २०१७ मध्ये लक्झेंबर्गने मान्य केलं की कायदेशीरतेचं तत्त्व मोडत असेल तर इटलीच्या न्यायालयांवर तसं करण्याचं बंधन नाही.